अर्धवट नळयोजना: थांबली की बंद झाली, एवढे तरी गावाला लेखी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून एक लहानशी चौकट असते. ‘येत्या गुरुवारी शहराचा पाणीपुरवठा बंद’ असा तिचा मथळा असतो. खाली पेठांपासून कात्रज-धनकवडीपर्यंतच्या भागांची यादी, पाणी बंद ठेवण्याचे कारण आणि शेवटी ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’ हे ठरलेले वाक्य. ती वाचून आमच्या सोसायटीत बुधवारी रात्री पिंपे, बादल्या, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवली जातात आणि शुक्रवारी दुपारपर्यंत सगळे ते विसरूनही जातात. गेली तीस वर्षे मी धनकवडीत राहतो. पाणी केव्हा जाणार, का जाणार आणि पुन्हा केव्हा येणार, या तीन गोष्टी कुणीतरी आगाऊ सांगणे म्हणजे काय असते, हे मात्र माझ्या ध्यानात आले ते गेल्या उन्हाळ्यात गावी जाऊन राहिल्यावर.

माझे गाव भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाणफुगवट्याला लागून आहे. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. ते दिले तर चार दिवस आमच्या एकट्या गावाची विचारपूस होईल, कुणातरी कर्मचाऱ्याला कारणे दाखवा नोटीस निघेल आणि शेजारच्या ज्या गावांची हीच अवस्था आहे, ती तशीच राहतील. आमच्या गावाला जल जीवन मिशनमधून नळपाणी योजना मंजूर झाली, २०२२ च्या अखेरीस कामाला सुरुवात झाली, आणि २०२४ च्या दिवाळीला मजूर घरी गेले ते परत आले नाहीत. त्यानंतर काम थांबले आहे, रद्द झाले आहे, दुसऱ्या कंत्राटदाराकडे जाणार आहे की कसे, याबद्दल ग्रामपंचायतीच्या दप्तरी कागदाचा एक चिटोराही आलेला नाही.

या योजनेविरुद्ध माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. १५ ऑगस्ट २०१९ रोजी ती जाहीर झाली तेव्हा देशातल्या ग्रामीण भागात सव्वातीन कोटींच्या आसपास घरांत नळ होता. २०२५ उजाडले तेव्हा हा आकडा पंधरा कोटींच्या पुढे गेला होता. माझे आजोळ पुरंदर तालुक्यातले. तिथे याच योजनेचे पाणी रोज सकाळी तासभर येते आणि माझी मामी त्याबद्दल बोलताना अजूनही हात जोडते. प्रत्येक घराला नळ, माणशी दररोज ५५ लिटर पिण्यायोग्य पाणी, गावाची स्वतःची पाणीपुरवठा समिती आणि तीत निम्म्या महिला, ही योजनेची मांडणी मला आजही उत्तम वाटते. ती मनापासून पटली म्हणूनच आमच्या गावाने लोकवर्गणी काढली. नियमाप्रमाणे गावांतर्गत कामाच्या खर्चाचा दहा टक्के आणि डोंगरी भागात पाच टक्के वाटा गावाचा असतो. ज्यांची भातखाचरे दहा गुंठ्यांच्या वर नाहीत, त्यांनीही ती दिली. कुणी पैसे दिले, कुणी चर खणायला घरचा माणूस दिला.

आज गावात गेले तर काय दिसते, ते सांगतो. ओढ्याच्या कडेला योजनेची उद्भव विहीर, म्हणजे जिच्यातून पाणी उचलायचे ती विहीर, आहे. ती पुरी झाली आहे, तिला पाणीही चांगले लागले आहे. पण पंपघराला दार नाही, पंप नाही आणि वीजजोडणीचा खांब वीस पावलांवर येऊन थांबला आहे. विहिरीपासून वर टेपावर, म्हणजे टेकाडावर, जाणारी ऊर्ध्ववाहिनी निम्म्या वाटेपर्यंत गाडलेली आहे. पुढच्या पाइपांची वेटोळी शाळेच्या मागे उन्हात पडून आहेत आणि त्यांच्या निळ्या रेघा आता पांढुरक्या झाल्या आहेत. टेपावरच्या टाकीचे चारही खांब उभे आहेत. त्यांच्या माथ्यावरून हात-दोन हात लांबीचे लोखंडी गज आभाळाकडे तोंड करून आहेत, एक अख्खा भोरचा पावसाळा त्यांनी अंगावर घेतला आहे आणि खांबांवरून गंजाचे तांबडे ओघळ खाली जोत्यापर्यंत आले आहेत. उद्या काम पुन्हा सुरू झाले तरी याच खांबांवर हजारो लिटर पाण्याचे ओझे चढवायचे की नाही, हे कोण तपासणार, असे मी गावातल्या गवंड्याला विचारले. तो बराच वेळ वर बघत राहिला आणि म्हणाला, “मी माझ्या घराला हे गज वापरणार नाही.”

आणि नळ? नळ मात्र प्रत्येक घरासमोर आहेत. सिमेंटचा छोटा ठोकळा, त्यातून वर आलेला पाइप आणि त्याला तोटी. वितरण वाहिनीचे काम गावात सगळ्यांत आधी झाले, कारण ते दिसणारे काम होते आणि त्याचे मोजमाप लवकर होते. माझ्या थोरल्या भावाच्या अंगणात नळ बसवला त्या दिवशी वहिनीला तोटीशेजारी उभे करून मोबाइलवर फोटो काढला आणि आधार क्रमांक लिहून घेतला. वहिनीने त्यासाठी घडीची साडी नेसली होती. त्या तोटीतून आजवर पाण्याचा थेंब आलेला नाही; तिच्या तोंडात गांधीलमाशीने घर केले म्हणून भावाने ते चिंधीने बांधून टाकले आहे. मात्र नळजोडण्यांच्या हिशोबात आमचे घर ‘नळजोडणी दिलेले घर’ आहे.

योजना रखडणे महाराष्ट्राला नवीन नाही. दोन वर्षांचे काम पाच वर्षांनी झाले तरी आमच्या भागातली माणसे त्याला विलंब म्हणत नाहीत. पण या वेळी अर्धवट योजनेने पाण्याचे दुसरे सगळे मार्गही अडवून धरले आहेत, आणि हे पत्र लिहिण्यामागचे खरे कारण तेच आहे.

गावात वरच्या आळीला एक हापसा होता. गेल्या वर्षी त्याची सळई तुटून आत पडली. दुरुस्तीचा अर्ज घेऊन सरपंच तालुक्याला गेले, तेव्हा ‘तुमच्याकडे नवीन योजना मंजूर आहे, आता त्यावर खर्च कशाला टाकता’ असे त्यांना सांगण्यात आले. वीस वर्षांपूर्वीची जुनी नळयोजना रडतखडत का होईना, मार्चअखेरपर्यंत पाणी देत असे. नव्या वाहिनीचे चर खणताना तिची वाहिनी चार ठिकाणी यंत्राने तोडली गेली. तेव्हा कुणी ओरडले नाही, कारण नवीन पाणी येणारच होते. जुन्या टाकीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती निकामी ठरवून दप्तरातून कमी करण्याचा, प्रस्ताव झाला आणि ती पाडलीही गेली. आता ती वाहिनी जोडायची म्हटले तर एकाच गावात एकाच कामासाठी दोनदा निधी कसा द्यायचा, हा प्रश्न पुढे येतो. तो कागदावर बरोबरही आहे. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचे जे पैसे मिळतात, त्यांतला एक हिस्सा पिण्याच्या पाण्यासाठी बांधून दिलेला असतो. पण तोही ‘मंजूर योजनेच्या’ गावात जुन्या वाहिनीवर घालायला ग्रामसेवक धजावत नाही. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर वसुली त्याच्या पगारातून होईल, ही त्याची भीती मला खोटी वाटत नाही.

उरला टँकर. टंचाईच्या काळात टँकर मिळवण्याची एक ठरलेली वाट आहे. गावाचा प्रस्ताव, मग गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांच्या यंत्रणेची संयुक्त पाहणी, मग मंजुरी आणि माणशी वीस लिटर या हिशोबाने खेपा. गेल्या एप्रिलमध्ये आमचा प्रस्ताव गेला आणि पहिलीच अडचण आली ती अशी की, नोंदीप्रमाणे गावातल्या जवळजवळ सर्व घरांना नळ आहेत. पाहणीला आलेले गृहस्थ भले होते. त्यांनी स्वतः तोटी फिरवून पाहिली, चिंधीही सोडून पाहिली. पण त्यांनी खरे लिहावे तर आधीची नोंद खोटी ठरते आणि ती नोंद ज्याने केली त्याला उत्तर द्यावे लागते. या पेचातून मार्ग निघून पहिला टँकर गावात शिरला तो मेच्या तिसऱ्या आठवड्यात. पंधरा-वीस दिवसांत वळवाचा पाऊस झाला आणि टँकर बंद झाला.

मधले पाच-सहा आठवडे माणसांनी काय केले? भाटघरचे धरण १९२८ सालचे. त्यात सुमारे साडेतेवीस टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते आणि ते नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते. त्या भागातल्या शेतकऱ्यांचा पाण्यावर हक्क आहे आणि त्याबद्दल आमच्या मनात किल्मिष नाही. पण उन्हाळी आवर्तने सुटली की फुगवटा दिवसागणिक मागे हटतो. जानेवारीत गावाच्या पायथ्याशी असलेले पाणी एप्रिलमध्ये इतके लांब जाते की मधल्या गाळाच्या भेगाळलेल्या मैदानात जुन्या, बुडालेल्या गावठाणाची जोती उघडी पडतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आमच्याकडे कुणी शाळेत शिकलेले नाही.

माझी वहिनी अठ्ठावन्न वर्षांची आहे. एप्रिलमध्ये ती पहाटे चारला उठते, कारण उशीर झाला तर झऱ्यावर रांग लागते. झरा म्हणजे गाळात हाताने उकरलेला कमरेइतका खड्डा. त्यात बाजूंनी पाणी पाझरते आणि ते वाटीने हंड्यात भरायचे. एक हंडा भरायला दहा-बारा मिनिटे लागतात. मी एकदा बॅटरी घेऊन तिच्याबरोबर गेलो. तिने मला हंडा उचलू दिला नाही. फक्त ‘भाऊजी, गाळात पाय आडवा टाका, सरळ टाकला की रुततो’ एवढेच सांगितले आणि एकावर एक दोन हंडे घेऊन ती माझ्या पुढे चढून गेली. एका हंड्यात पंधरा लिटर धरले, तर माणशी ५५ लिटरप्रमाणे पाच माणसांच्या घराला दिवसाला अठरा हंडे लागतात. आमच्या घरात त्या दिवशी सहा हंडे आले. त्यांतले दोन म्हशीपुढे ठेवले आणि तिने ते उभ्या उभ्या संपवले.

ती म्हैस मेमध्ये विकली. उन्हाळ्यात सगळेच जनावरे बाजारात नेतात, त्यामुळे भाव पडलेला असतो. एरवीच्या पाऊण किमतीत ती गेली. भावाने ती योजनेच्याच भरवशावर घेतली होती. ‘दारात नळ येतोय, आता दोन म्हशी सांभाळता येतील’ असा हिशोब करून त्याने गावच्या विकास सोसायटीचे कर्ज काढले, गोठ्याला कोबा केला. योजना होणारच नाही असे २०२२ मध्ये कुणी सांगितले असते तर त्याने हे केले नसते. ती २०२८ मध्ये होईल असे कुणी सांगितले असते तर तो तोवर थांबला असता. त्याच्या वाटचे नुकसान ‘लवकरच’ या एका शब्दाने झाले आहे. गावात अशी आणखी आठ-दहा घरे मी नावानिशी सांगू शकतो. कुणी पुण्यातली नोकरी सोडून कोंबड्यांची शेड घालायला परत आला, कुणी सड्यावर पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. खोल्या बांधून तयार आहेत. पाण्यावाचून त्यांना कुलूप आहे.

चैत्रात भैरवनाथाची जत्रा असते. मुंबई-पुण्याची माणसे, माहेरवाशिणी, पाहुणे मिळून गाव दोन दिवस तिप्पट होते. गेल्या वर्षी जत्रेसाठी वर्गणीतून खासगी टँकर आणावे लागले आणि त्यात जो पैसा गेला, त्यामुळे देवळापुढच्या मंडपाचे काम पुढे ढकलले. जत्रा झाल्यावर म्हातारी माणसे आमच्यासारख्यांबरोबर शहरात येतात, ती पहिल्या पावसापर्यंत. धनकवडी, कात्रज, आंबेगाव या भागात भोर-वेल्ह्याची हजारो कुटुंबे आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या दोन खोल्यांच्या घरांत आई-वडिलांची वळकटी येऊन पडते, ती सुट्टीसाठी आलेली असते असे सर्वांना वाटते. शाळेचे तर विचारूच नये. पोषण आहार शिजवणाऱ्या बाई घरून पाणी आणतात आणि मुलींचे स्वच्छतागृह मार्चपासून बंद असते.

काम थांबण्याचे कारण पैसा आहे, हे आता गावातल्या लहान पोरालाही माहीत आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यात या योजनेचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. केंद्राच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी सुमारे ७० हजार कोटी रुपये दाखवले होते; सुधारित अंदाजात ते सुमारे २२ हजार ७०० कोटींवर आले. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेची मुदत २०२८ पर्यंत वाढवण्याची घोषणा झाली, पुढे मे महिन्यात योजनांच्या तपासणीसाठी केंद्राची पथके राज्याराज्यांत गेली. खर्च अवाच्या सवा वाढले असतील, कुठे कामे कागदावरच झाली असतील, तर तपासणी झालीच पाहिजे. तिला कोणताही शहाणा माणूस विरोध करणार नाही. दुसरीकडे राज्यातल्या कंत्राटदारांच्या संघटनांनी थकलेल्या बिलांसाठी २०२५ मध्ये आंदोलने केली. आमच्या गावातला कंत्राटदार मी पाहिला आहे; तो काही बडा ठेकेदार नव्हे. आमच्याच तालुक्यातला तिशीतला मुलगा, त्याने उधारीवर पाइप आणले होते, आणि चर खणणाऱ्या यंत्राच्या मालकाचे पैसे तो अजून देणे लागतो. गावात आला की लोक त्याला घेरतात, म्हणून तो आता येत नाही. त्याच्यावर राग काढून गावाला पाणी मिळणार नाही, हे मी माझ्या भावाला अनेकदा सांगितले आहे.

मग कुणाला विचारायचे? आम्ही विचारले. योजना पाहणाऱ्या कार्यालयात गावातली पाच माणसे गेली. निधी आला की काम सुरू होईल, असे उत्तर मिळाले. निधी केव्हा येईल ते वरून कळेल. ‘वर’ म्हणजे कोण, हे सांगणारा अधिकारी बदलून गेला होता. माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर मुदतीत आले, पण त्यात ‘काम प्रगतिपथावर आहे’ एवढे तीन शब्द होते. मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागितल्या होत्या, त्या अपिलानंतर मिळाल्या. त्यांवरून एवढे कळले की झालेल्या कामाच्या काही भागाचे बिल निघाले आहे, बाकीचे पडून आहे, आणि अंदाजपत्रक जुन्या दरसूचीचे असल्यामुळे उरलेले काम त्या दरात आता कुणी करणार नाही. म्हणजे सुधारित मान्यता घ्यावीच लागेल, आणि ती घेण्याचा प्रस्ताव अजून तयारच झालेला नाही. हे गावाला कुणी आपणहून सांगितले नाही. मला ते कागदांच्या सत्तर पानांतून शोधावे लागले, आणि मी चाळीस वर्षे लेखाशाखेत काढली आहेत म्हणून ते मला सापडले. पूर्वी अशा वेळी आमच्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्याला गाठता येत असे. मार्च २०२२ मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती कारभार राहिला. योजना मंजूर झाली, रखडली आणि थांबली ती नेमकी याच काळात. गावाच्या वतीने सभागृहात उभे राहून प्रश्न विचारणारे त्या वेळी कुणी नव्हते.

आमच्या गावाच्याही चुका आहेत आणि त्या लपवून हे पत्र लिहिणे बरोबर होणार नाही. जुनी नळयोजना नीट चालली नाही, त्याला आम्हीही जबाबदार होतो. वरच्या आणि खालच्या आळीचे व्हॉल्व्हवरून भांडण दहा वर्षे चालले. पाणीपट्टी निम्म्या घरांनी थकवली, त्यामुळे पंपाचे वीजबिल थकले. नव्या योजनेची समिती नेमली, पण तिच्या सभेला महिला सदस्यांऐवजी त्यांचे नवरे बसत. काम चालू असताना चर किती खोल खणला, पाइप कोणत्या जाडीचा आला, हे मोजून पाहण्याचा अधिकार समितीला होता. तो आम्ही वापरला नाही. या वर्षी जानेवारीत समिती नव्याने बसली आणि आता वहिनी स्वतः सभेला जाते, वहीत लिहून आणते.

माझे मागणे मोठे नाही. उद्याच्या उद्या पैसे द्या, असे मी म्हणत नाही; राज्यात अशी कित्येक गावे असताना कुणाला आधी आणि कुणाला नंतर, हे कुणाला तरी ठरवावेच लागेल. पण थांबलेल्या प्रत्येक योजनेचा एक पानी लेखी तपशील त्या गावाच्या ग्रामसभेपुढे ठेवणे, याला निधी लागत नाही. मंजूर रक्कम किती, काम किती झाले, बिल किती निघाले आणि किती अडले, उरलेल्या कामाला आजच्या दराने किती लागतील, सुधारित मान्यतेचा कागद कोणत्या टेबलावर आहे आणि काम पुन्हा सुरू होण्याची तारीख कोणती, हे त्यात असावे. तारीख २०२८ ची असली तरी चालेल. ती देता येत नसेल तर ‘हे काम अमुक वर्षापर्यंत होणार नाही’ असे स्पष्ट लिहावे आणि त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी. तसे लिहून मिळाले तर ग्रामसेवकाला जुन्या वाहिनीच्या दुरुस्तीसाठी पैसे खर्च करता येतील, हापशाची सळई काढता येईल, भावासारख्यांना आपला हिशोब मांडता येईल. टंचाईच्या नियमांत तात्पुरत्या पूरक नळयोजनेची सोय आधीपासून आहे. आमच्या उद्भव विहिरीला आज पाणी आहे. तिच्यावर एक साधा पंप बसवून खालच्या आळीत दोन प्लॅस्टिकच्या टाक्या ठेवल्या, तर यंदाचा उन्हाळा झऱ्यावर न जाता निघेल. त्यासाठी वीजजोडणीचा खांब आणखी वीस पावले पुढे यावा लागेल, एवढेच.

आणि टँकरच्या प्रस्तावात ‘नळ आहे काय’ या प्रश्नाऐवजी ‘गेल्या आठवड्यात नळाला किती दिवस पाणी आले’ हा प्रश्न विचारला जावा. पाहणीला येणाऱ्या माणसाला त्यामुळे कुणाची नोंद खोटी ठरवावी लागणार नाही. जे दिसते तेवढेच त्याला लिहिता येईल. टाकीच्या खांबांची तपासणी मात्र पुढचा पावसाळा लागण्याआधी झाली पाहिजे. त्यांच्याच सावलीत दुपारी गावातली पोरे गोट्या खेळतात.

१ मे रोजी आमच्या गावात ग्रामसभा आहे. योजनेच्या स्थितीचे लेखी निवेदन करण्यासाठी संबंधित कार्यालयाने आपला प्रतिनिधी पाठवावा, असे पत्र पाणीपुरवठा समितीने दिले आहे आणि त्याची पोच घेतली आहे. आपल्या वृत्तपत्राने त्या दिवशी भोर, वेल्हे, मुळशी भागातल्या ज्या गावांत योजना अर्धवट आहेत, तिथे आपले वार्ताहर पाठवावेत आणि कोणत्या गावाला काय उत्तर मिळाले, कोणत्या गावाला मिळाले नाही, ते दुसऱ्या दिवशी छापावे. शहराचे पाणी बंद राहणार असल्याची ती छोटी चौकट ज्या पानावर येते, त्याच पानावर छापले तरी पुरेसे आहे.

कळावे,

आपला,
एक जुना वाचक,
धनकवडी, पुणे